निळ्या बाळांच्या पुढच्या आयुष्याची नोंद

बाळकुम गावातल्या बैठ्या घरात असो वा साकेतच्या बाजूला उभ्या राहिलेल्या उंच इमारतीत, तान्ह्या बाळाच्या हृदयात दोष आहे असे कळले की घरच्यांचा पहिला प्रश्न एकच असतो, बाळ जगेल का? मग परळच्या खेपा सुरू होतात. कापूरबावडीहून रिक्षा, ठाणे स्टेशन, लोकल, पुढे वाडिया किंवा केईएम. तपासण्या होतात, तारीख मिळते, शस्त्रक्रिया पार पडते आणि मूल घरी येते. काही महिने गेले की दुसरा प्रश्न दबक्या आवाजात पुढे येतो. हे मूल इतरांसारखे धावेल का, शाळेत मागे पडणार नाही ना, छातीवरच्या व्रणामुळे मुलीचे लग्न अडणार नाही ना? पहिल्या प्रश्नाचे उत्तर वैद्यकशास्त्र आता बऱ्याच प्रमाणात देऊ शकते. दुसऱ्याचे मोजमाप कसे करायचे, याची चर्चा मात्र आजही सुरू आहे.

हा दुसरा प्रश्न ज्यांनी आपल्या कामाचाच भाग मानला आणि आपल्या रुग्णांचा माग पंचवीस-पंचवीस वर्षे ठेवला, त्या डॉ. हेलन ब्रुक टाउसिग यांचे चरित्र म्हणूनच नव्याने वाचण्यासारखे आहे. बालहृदयरोगशास्त्र या शाखेच्या त्या संस्थापक मानल्या जातात. निळ्या बाळांच्या शस्त्रक्रियेशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले. पण त्या शल्यविशारद नव्हत्या. त्यांनी एकदाही हाती सुरी धरून हृदयावर शस्त्रक्रिया केली नाही.

२४ मे १८९८ रोजी अमेरिकेतील केंब्रिज येथे हेलन यांचा जन्म झाला. वडील फ्रँक टाउसिग हार्वर्ड विद्यापीठातील नामवंत अर्थशास्त्रज्ञ होते. आई एडिथ स्त्रियांसाठीच्या रॅडक्लिफ महाविद्यालयात अगदी सुरुवातीच्या काळात शिकलेली. घर विद्येचे, पण मुलीच्या वाट्याला विद्या सहज आली नाही. अक्षरे तिच्या डोळ्यांपुढे उलटीसुलटी होत. आज आपण ज्याला डिस्लेक्सिया म्हणतो, तो दोष त्या काळी कुणाला ओळखू येत नव्हता, आणि वाचता न येणारे मूल मंदबुद्धीचे ठरवून शाळा मोकळी होत असे. वडिलांनी मात्र रोज शांतपणे शेजारी बसवून तिला वाचायला शिकवले. हेलन अकरा वर्षांची असताना आई क्षयाने गेली. क्षयाची बाधा तिलाही झाली होती, आणि काही काळ तिची शाळा अर्धाच दिवस चाले. बालपणीच्या डांग्या खोकल्याने श्रवणशक्तीही दुबळी केली होती. तिने पुढे तारुण्यात साथ जवळजवळ सोडली.

आजारी मूल आतून कसे जगते, हे पुढे लाखो शब्दांत लिहिले गेले. हेलन यांनी ते अनुभवले होते, त्यावर भाष्य मात्र फारसे केले नाही.

कॅलिफोर्निया विद्यापीठाची पदवी १९२१ मध्ये घेऊन त्या परतल्या तेव्हा हार्वर्डच्या सार्वजनिक आरोग्य विभागात स्त्रियांना वर्गात बसण्याची मुभा होती, पदवी मिळण्याची नव्हती. चार वर्षे शिकायचे आणि रिकाम्या हाताने परतायचे, हा व्यवहार त्यांना पटला नाही. हार्वर्डच्याच वैद्यकीय विभागात पेशीरचनेचा एक अभ्यासक्रम त्यांनी केला, पण तिथेही पुरुष विद्यार्थ्यांपासून दूर, कोपऱ्यात बसून. पुढे बोस्टन विद्यापीठात शरीररचनेचे प्राध्यापक अलेक्झांडर बेग यांनी त्यांच्या हाती बैलाचे हृदय दिले आणि त्याच्या स्नायूंचा अभ्यास करायला सुचवले. हृदयाशी त्यांची गाठ पडली ती अशी. बेग यांच्याच सल्ल्याने त्यांनी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स वैद्यकीय विद्यालयाची वाट धरली.

हॉपकिन्समध्ये स्त्रियांना प्रवेश होता, पण तो काही उदारपणाने दिलेला नव्हता. १८९३ मध्ये हे विद्यालय उघडले ते बाल्टिमोरच्या स्त्रियांनी जमवलेल्या पैशांवर, आणि देणगीची अटच होती की स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने घेतले पाहिजे. आपल्या कल्याणच्या आनंदीबाई जोशी त्याआधी सातच वर्षे, १८८६ मध्ये, फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वेगळ्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या होत्या. वेगळ्या वर्गातून एकाच वर्गात यायला असा पैशांचा रेटा लागला. १९२७ मध्ये हेलन यांनी एम.डी. पूर्ण केले. प्रौढांच्या वैद्यकविभागातील उमेदवारीची जागा थोडक्या गुणांनी हुकली. ती दुसऱ्या एका स्त्रीला मिळाली, आणि दोन स्त्रिया एकाच वेळी घेण्याची पद्धत नव्हती. त्या बालरोगाकडे वळल्या. तिथे एडवर्ड्स पार्क नावाचा द्रष्टा विभागप्रमुख होता. त्याने १९३० मध्ये हॅरिएट लेन या बालरुग्णालयातील हृदयचिकित्सालय त्यांच्या हवाली केले.

चिकित्सालयात येणारी बहुतेक मुले संधिवाताच्या तापाने झडपा खराब झालेली असत. जन्मजात दोषांची मुले फार थोडी. त्यांच्यासाठी करण्यासारखे काहीच नसल्याने डॉक्टरांना त्यात रस नव्हता. पार्क यांनी हेलन यांना हेच दोष अभ्यासायला सांगितले, तेव्हा त्यांनाही ते फारसे रुचले नव्हते. शिवाय अडचण मूलभूत होती. हृदयरोगाचे निदान तेव्हा स्टेथोस्कोपवर चाले, आणि या बाईंना ऐकू येत नव्हते. त्यांनी आवाज मोठा करणारा स्टेथोस्कोप वापरून पाहिला, समोरच्याच्या ओठांच्या हालचालीवरून बोलणे समजून घेण्याची सवय केली, आणि मुख्य म्हणजे मुलाच्या छातीवर तळहात ठेवून हृदयाची थरथर बोटांनी वाचायला त्या शिकल्या. जोडीला क्ष-किरणांचा पडदा, हृदयाचा विद्युतआलेख आणि मृत्यूनंतरची तपासणी. मूल जिवंत असताना केलेली नोंद आणि शवविच्छेदनात दिसलेले हृदय त्या शेजारी शेजारी ठेवून पाहत. अशी वर्षामागून वर्षे गेली. पुढे १९४७ मध्ये जन्मजात हृदयदोषांवरचा त्यांचा ग्रंथ निघाला, त्याच्या मागे हे साठलेले निरीक्षण होते.

या मुलांमध्ये सर्वांत केविलवाणी होती ती निळी बाळे. ओठ, नखे, जीभ जांभळट निळी. फ्रेंच डॉक्टर एतिएन-लुई फॅलो यांनी १८८८ मध्ये ज्याचे सविस्तर वर्णन केले तो चार दोषांचा एकत्रित विकार त्यांच्यापैकी अनेकांना असे. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक, फुप्फुसांकडे जाणारी वाट अरुंद, महारोहिणी जागेवरून सरकलेली आणि उजव्या कप्प्याची भिंत जाडजूड. फुप्फुसांत रक्त पुरेसे पोचतच नाही, त्यामुळे प्राणवायूविना काळवंडलेले रक्तच शरीरभर फिरते. ही मुले चार पावले चालली की उकिडवी बसत. तसे बसल्याने पायांकडचा रक्तप्रवाह रोखला जाऊन फुप्फुसांकडे थोडे अधिक रक्त जाते, हे मुलांना कुणी शिकवलेले नसे. किती पावलांनी मूल खाली बसते, हेच त्याच्या आयुष्याचे मोजमाप होते. एका अर्थाने जीवनमानाची पहिली मोजपट्टी मुलांनी स्वतःच डॉक्टरांच्या हाती दिली होती.

हेलन यांच्या ध्यानात एक विसंगती आली. गर्भात असताना महारोहिणी आणि फुप्फुसरोहिणी यांना जोडणारी एक छोटी वाहिनी असते. जन्मानंतर ती आपोआप बंद होते. काही निळी बाळे जन्मतः बरी असत आणि ही वाहिनी मिटली की झपाट्याने ढासळत. ज्यांची उघडी राही ती तग धरत. म्हणजे दोष हृदयात असला तरी मृत्यू येत होता तो फुप्फुसांना रक्त न मिळाल्याने. मग अशी वाहिनी मुद्दाम तयार केली तर? बोस्टनचे रॉबर्ट ग्रॉस यांनी १९३८ मध्ये नको तिथे उघडी राहिलेली हीच वाहिनी बांधून बंद करण्याची शस्त्रक्रिया यशस्वी केली होती. हेलन त्यांच्याकडे गेल्या. बंद करता येते तर नवी बांधता येणार नाही का, ही त्यांची विचारणा ग्रॉस यांनी मनावर घेतली नाही.

१९४१ मध्ये आल्फ्रेड ब्लॅलॉक हॉपकिन्सच्या शल्यविभागाचे प्रमुख म्हणून आले. त्यांच्याबरोबर आले व्हिव्हियन थॉमस. कृष्णवर्णीय, सुतारकामात तरबेज, महामंदीत साठवलेले पैसे बुडाल्याने महाविद्यालयाची पायरी न चढू शकलेला हा माणूस ब्लॅलॉक यांच्या प्रयोगशाळेचा कणा होता. हेलन यांनी आपली कल्पना या दोघांपुढे मांडली. हाताकडे रक्त नेणारी रोहिणी वळवून फुप्फुसरोहिणीला जोडायची, असा मार्ग ठरला. कुत्र्यांवर प्रयोग करून ती जोडणी बिनचूक बसवली थॉमस यांनी. इतक्या लहान वाहिन्यांसाठी लागणाऱ्या सुयाही त्यांनीच घडवून घेतल्या.

२९ नोव्हेंबर १९४४ रोजी पंधरा महिन्यांच्या एका मुलीवर पहिली शस्त्रक्रिया झाली. वजन जेमतेम चार किलो. ब्लॅलॉक यांच्या मागे एका पायरीवजा चौरंगावर थॉमस उभे राहून टाक्यांची दिशा सांगत होते, आणि हेलन भूल दिलेल्या मुलीच्या डोक्याशी उभ्या होत्या. मुलगी वाचली. काही आठवड्यांनी घरीही गेली. या कथेचे अनेक लेखक इथे टाळ्या वाजवून थांबतात. खरे तर काही महिन्यांतच तिची प्रकृती पुन्हा ढासळली, दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया करावी लागली आणि दोन वर्षांच्या आसपास तिचे आयुष्य संपले. शल्यक्रिया यशस्वी आणि मूल गेले, असा हा हिशेब होता. फेब्रुवारी १९४५ मध्ये तिसऱ्या शस्त्रक्रियेच्या वेळी मात्र सहा वर्षांच्या मुलाच्या ओठांचा निळा रंग टेबलावरच गुलाबी झाला. मे महिन्यात अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात तिन्ही मुलांची हकीकत ब्लॅलॉक आणि टाउसिग या दोघांच्या नावे छापून आली. थॉमस यांचे नाव त्यात नव्हते.

त्यानंतर हॉपकिन्सवर जगभरातून माणसांचा लोंढा आला. युद्ध नुकतेच संपले होते. आईबाप निळी मुले कडेवर घेऊन, पूर्वसूचना न देता येत. कोणत्या मुलाला शस्त्रक्रियेचा उपयोग होईल आणि कुणाला होणार नाही, हे ठरवणे हेलन यांच्याकडे असे. ब्लॅलॉक मोठमोठ्या सन्मानांचे धनी झाले. हेलन यांना पूर्ण प्राध्यापकपद मिळायला १९५९ उजाडले. थॉमस यांना विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली ती १९७६ मध्ये, आणि शस्त्रक्रियेच्या नावात थॉमस यांचे नाव घालण्याची प्रथा तर अगदी अलीकडची. श्रेय वाटपाच्या बाबतीत विज्ञानाचे घड्याळ नेहमीच मागे चालत आले आहे.

ही शस्त्रक्रिया मूळ दोष दुरुस्त करत नव्हती. ती तात्पुरती सोय होती. पडद्याचे भोक बुजवून वाट रुंद करणारी पूर्ण दुरुस्ती मिनेसोटात वॉल्टन लिलेहाय यांनी १९५४ मध्ये प्रथम केली. मग प्रश्न आला की ज्यांना नुसती सोय करून दिली त्या हजारो मुलांचे पुढे काय झाले? हेलन यांनी याचे उत्तर शोधण्यात निवृत्तीनंतरची वर्षे घातली. १९६३ मध्ये त्या निवृत्त झाल्या. पुढे, १९७० च्या दशकात, हॉपकिन्सच्या वैद्यकीय नियतकालिकात त्यांची दीर्घकालीन निरीक्षणांची लेखमाला प्रसिद्ध होत राहिली. वीस ते अठ्ठावीस वर्षांपूर्वी शस्त्रक्रिया झालेल्यांचाही मागोवा तिच्यात आहे. किती जगले, किती गेले, किती जणांवर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली, एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. शिक्षण किती झाले, नोकरी करतात का, लग्न झाले का, मुले झाली का, हेही त्यांनी नोंदवले. पत्रव्यवहार चालू ठेवला. सत्तरी ओलांडलेली एक स्त्री आपल्या जुन्या रुग्णांच्या संसाराची चौकशी करते आणि त्याला शास्त्रीय निबंधाचे रूप देते, हे त्या काळच्या वैद्यकाला नवीनच होते.

त्याआधीची मोजपट्टी ठाऊक असली म्हणजे यातले वेगळेपण कळते. न्यूयॉर्कच्या हृदयरोग संघटनेने १९२८ मध्ये रुग्णांच्या चार पायऱ्या ठरवल्या होत्या. नेहमीच्या हालचालींनी दम लागत नाही ती पहिली, स्वस्थ बसूनही लागतो ती चौथी. प्रौढांसाठी ही विभागणी चालते. तान्हे मूल जिने चढत नाही, म्हणून १९८७ मध्ये रॉस यांनी बाळांसाठी वेगळी पद्धत सुचवली. दूध पिताना बाळाला किती घाम येतो, किती वेळ लागतो, श्वास किती वेगाने चालतो, हे त्यात पाहतात. तरीही यातून कळतो तो हृदयाचा कारभार. मूल सुखात आहे की नाही, ते यातून कळत नाही.

ते विचारण्याची साधने १९९० च्या दशकानंतर आली. जेम्स वार्नी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी तयार केलेली तेवीस प्रश्नांची यादी आता जगभर वापरली जाते. शरीर, मन, सवंगडी आणि शाळा अशा चार बाजूंनी प्रश्न, आणि शून्य ते शंभर असे गुण. हृदयरोगी मुलांसाठी तिला स्वतंत्र पुरवणी आहे. तिच्यात औषधांचा जाच, आपण कसे दिसतो याची चिंता, उपचारांची धास्ती, लक्ष न लागणे आणि डॉक्टरांशी मोकळे बोलता येणे, न येणे यांविषयी विचारतात. पाच वर्षांपुढचे मूल स्वतः उत्तर देते आणि पालक वेगळी उत्तरे देतात. गंमत अशी, की ही दोन उत्तरे पुष्कळदा जुळत नाहीत. अनेक अभ्यासांत पालकांनी दिलेले गुण मुलाने स्वतःला दिलेल्या गुणांहून कमी निघतात. आई मुलाला शेजारच्या धडधाकट मुलांशी ताडून पाहते. मूल कालच्या स्वतःशी ताडते. जे कधी धावलेच नाही त्याला न धावण्याचे दुःख किती, हा प्रश्न कोणत्याही तक्त्यात मावणारा नाही.

शिवाय भाषेचा पेच आहे. इंग्रजी यादीत मुलाला एका ब्लॉकहून अधिक चालणे जड जाते का, असे विचारले आहे. अमेरिकेतल्या शहरात ब्लॉक म्हणजे दोन रस्त्यांमधले अंतर. आपल्या डोंबिवली-ठाण्यात ब्लॉक म्हणजे राहते घर! शब्दशः भाषांतर केले तर बाळकुमच्या मुलाला स्वयंपाकघरापासून गॅलरीपर्यंत चालता येते का, एवढेच कळायचे. त्याला विचारायला हवे ते बाळकुम नाक्यापर्यंत पायी जाता येते का, लिफ्ट बंद असली तर कोणत्या मजल्यावर थांबावे लागते, पीटीच्या तासाला बाई त्याला वर्गातच बसवून ठेवतात का. शेवटचा प्रश्न तर सर्वांत महत्त्वाचा. कित्येक मुलांचे हृदय धावायला तयार असते. तयार नसते ते घर आणि शाळा.

जिवंत जन्मणाऱ्या हजारातील साधारण आठ-नऊ बालकांना हृदयदोष असतो. भारतात अशी दोन लाखांहून अधिक मुले दरवर्षी जन्मतात, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाडीत आणि शाळेत तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथून सुरू झाला. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते. जन्मजात हृदयदोष हा त्या तपासणीतील एक विकार आहे. त्यातून शोध लागतो आणि उपचारांचा मार्गही निघतो. मात्र त्या मुलांचे पंचवीस वर्षांनी काय झाले, याची वही कोण ठेवणार, हे ठरलेले नाही. हेलन यांच्या वहीतही उणीव होतीच. शिक्षण, नोकरी, विवाह या बाहेरून दिसणाऱ्या खुणा आहेत. संसार थाटलेला माणूस सुखी असतोच असे नाही, आणि अविवाहित माणूस दुःखी असतो असेही नाही. स्वतः हेलन आयुष्यभर अविवाहित होत्या. पण माग सुटू द्यायचा नाही, हा त्यांचा आग्रह आजच्या तेवीस प्रश्नांनाही पुरवता आलेला नाही. बहुतेक अभ्यास मुलांना एकदाच गाठतात.

त्यांच्या आयुष्यातली दुसरी मोठी कामगिरी थॅलिडोमाइडची. १९६२ च्या प्रारंभी जर्मनीहून आलेल्या एका माजी विद्यार्थ्याने हातपाय न वाढलेल्या बालकांविषयी त्यांना सांगितले. त्या लगोलग जर्मनीला गेल्या, रुग्णालयांतून फिरल्या आणि परतून अमेरिकेतील डॉक्टरांना, मग संसदेच्या समितीला त्यांनी सावध केले. औषध प्रशासनातील फ्रान्सिस केल्सी यांनी त्या गोळीला परवानगी रोखून धरली होतीच. त्याच वर्षी अमेरिकेने औषधांचा कायदा कडक केला. १९६४ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या हस्ते त्यांना स्वातंत्र्यपदक मिळाले. १९६५ मध्ये त्या अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या.

उतारवयात त्या पेनसिल्व्हेनियात राहायला गेल्या. तिथे त्यांनी एक नवाच विषय हाती घेतला होता, पक्ष्यांची हृदये. माणसाच्या बाळात दिसणारे दोष पाखरांतही आढळतात का, आणि आढळत असतील तर त्यांचे मूळ उत्क्रांतीत किती मागे आहे, हे त्यांना पाहायचे होते. २० मे १९८६ रोजी काही परिचितांना मतदानासाठी गाडीतून घेऊन गेल्या असताना झालेल्या अपघातात त्यांचा मृत्यू झाला. अठ्ठ्याऐंशीवा वाढदिवस चार दिवसांवर होता. पक्ष्यांच्या हृदयांवरील अभ्यासातून निघालेला त्यांचा निबंध १९८८ मध्ये, त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाला.